कापलेली दावी

त्या सकाळी गल्लीतले फोन एकापाठोपाठ एक वाजत होते! आधी समोरच्या शिंप्याच्या घरात, मग कोपऱ्यावरच्या गिरणीत, मग मागच्या कुठल्यातरी अंगणात... टिंग असा इवलासा आवाज, आणि त्यामागोमाग कुणाचा तरी आनंदाने चिरकलेला स्वर, "आली, आली! मदत आली!" पुरात मेलेल्या जनावरांची सरकारी मदत खात्यांत जमा होत होती, आणि भिंतींतून चिखलाचा वास अजून न गेलेल्या त्या गल्लीत तीन आठवड्यांनी प्रथमच कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

आक्काच्या घरातही फोन वाजला. तिच्या धाकट्या भावाने, दुधाचा टँकर चालवतो म्हणून ज्याला सगळी गल्ली 'टँकर'च म्हणायची त्याने, चहाचा कप हातात असतानाच झडप घालून तो उचलला. वाचला. पुन्हा वाचला. मग टेबलावर पालथा घालून ठेवला.

"काय म्हणतात?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून आप्पांनी विचारलं.

"म्हणतात, पंचनाम्यात मेलेलं जनावर सापडलं नाही. अर्ज नामंजूर!" तो आक्काकडे वळला. त्याचे डोळे लाल झाले होते. "ऐकलंस आक्का? शिंप्याच्या दोन गाई दाव्याला बांधलेल्या मेल्या, त्याला मदत. गिरणीवालीची म्हैस मेली, तिला मदत. आणि आपला अख्खा भरलेला गोठा गेला तरी आपल्याला छदाम नाही... कारण तू सोडलीस त्यांना! जिवंत गाय नाही हातात, मेलेलीही नाही. बांधूनच ठेवल्या असत्यास तर निदान..."

पुढचं वाक्य त्याने अर्धंच सोडलं. आपण काय बोलायला निघालो होतो हे त्याचं त्यालाच कळलं असावं. पण जे बोलून झालं होतं तेवढंही सुरीसारखं होतं!

आक्का चुलीपाशी उभी होती. दूध तापवायचं मोठं पातेलं तिने सवयीने घासून पुसून पुढ्यात ठेवलं होतं, रिकामंच. तिने त्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हटलं,

"हो. मीच सोडल्या."

दाराआड भावजय उभी होती. तिने काही सांगायला तोंड उघडलं... आणि आक्काने मान न वळवताच तिच्याकडे डोळ्यांनी खूण केली. गप्प राहा.

आई गेली तेव्हा आक्का नुकती कॉलेजात जाऊ लागली होती. धाकटा तेव्हा दप्तरही धड उचलू न शकणारा पोरगा. गोठ्यात चार गाई, आप्पांचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरणारे. तिने पुस्तकं माळ्यावर टाकली आणि गोठ्यात उतरली. कुणी तिला थांब म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. घरात एक जागा रिकामी झाली होती आणि ती जाऊन त्या जागेवर उभी राहिली, एवढंच. चाराच्या वीस गाई झाल्या. भावाचं शिक्षण झालं, टँकर आला, लग्न झालं. आक्काचं मात्र व्हायचं राहूनच गेलं, आणि ते राहून गेलं हेसुद्धा घरात सगळ्यांच्या हळूहळू विस्मरणात गेलं.

पण गोठ्यातलं तिचं राज्य बघण्यासारखं होतं! धारेची वेळ झाली की ती दुधाच्या कॅनचं झाकण हातात घेई आणि मापाने त्यावर ठोका मारी... टण, टण-टण! की कुरणात पांगलेल्या गाई माना वर करत आणि चालू लागत. नेहमी त्याच क्रमाने. सर्वांत पुढे म्हातारी, जिला आक्काने स्वतःच्या हाताने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. तिच्यामागे शिंगतुटी, मग हट्टी, मग बाकीच्या. म्हातारीला ओलांडून कुणी पुढे जात नसे. शाळेतली पोरं प्रार्थनेला लागतात तशा त्या ओळीने येत आणि आपापल्या गव्हाणीपुढे उभ्या राहत.

आणि मग आक्का दावी बांधी. ती गाठ आप्पांची. दिसायला घट्ट, गाईने कितीही हिसका दिला तरी न सुटणारी, पण मोकळं टोक एकदा ओढलं की दावं पाण्यासारखं ओघळून खाली पडे. सुरगाठच, पण आप्पांनी तिला आणखी एक पीळ दिलेला. आक्का ती डोळे मिटून बांधत असे. नव्या भावजयीला मात्र ती काही केल्या जमेना. लग्नाआधी ती शहरात कापडाच्या दुकानात होती. गाठ मारायची म्हटली की तिच्या हातून हमखास निरगाठ बसायची, जी मग दातांनीच सोडवावी लागे.

"वन्सं, ही गाठ मला या जन्मी येणार नाही!" ती हसत म्हणायची.

"येईल गं. गाईला आधी आली, तुलाही येईल," आक्का म्हणायची, आणि दोघी गोठ्यात पोट धरून हसायच्या.

ते हसणं पुराच्या सकाळी थांबलं.

पाणी सकाळी अंगणात होतं आणि दुपारच्या आत पायऱ्यांवर. भाऊ टँकर घेऊन दूरच्या रस्त्यावर अडकलेला. आप्पांना त्या गुडघ्यांनी जिना चढणं शक्य नव्हतं. आक्काने त्यांना पाठीवर घेतलं आणि एकेक पायरी चढत गच्चीवर नेलं. वर ताडपत्री बांधली, त्यांना खांबाशी टेकवून बसवलं. तेवढा वेळ गोठ्यात एकटी भावजय होती, सातवा महिना लागलेली!

आक्का खाली उतरली तेव्हा पाणी कमरेला लागलं. ती धडपडत गोठ्यात शिरली... गोठा रिकामा! दाव्यांची कापलेली टोकं पाण्यावर डोलत होती, आणि गव्हाणीवर चढून, खांबाला मिठी मारून भावजय उभी होती. हातात भाजी चिरायची सुरी. दातखीळ बसल्यासारखं तोंड, डोळे विस्फारलेले. आक्काने काही विचारलं नाही. तिने फक्त ती सुरी तिच्या मुठीतून अलगद सोडवून घेतली आणि तिला छातीशी धरून वर नेलं.

संध्याकाळी भाऊ कुणाच्यातरी होडीतून पोचला तेव्हा भावजय तापाने फणफणली होती, बेशुद्धीत बडबडत होती. तिला दवाखान्यात हलवायची घाई, बाळाची काळजी, आणि त्यातच त्याचा तो प्रश्न, "गाई? गाई कुणी सोडल्या?"

आक्काला विचार करायलासुद्धा वेळ मिळाला नाही. बहिणीवर भाऊ रागावतो आणि विसरतो. पण बायकोवरचा हा राग त्या दोघांच्या मध्ये आयुष्यभर भिंत होऊन उभा राहील... आणि ती पोर आत्ता जगण्यामरण्याच्या काठावर!

"मी," ती म्हणाली. "मी सोडल्या. मागच्या दाराने."

मागचं दार ओढ्याकडच्या उंचवट्यावर उघडत होतं. त्या गडबडीत उघडं दार कुठलं हे तिने पाहिलंच नव्हतं; कुणीही शहाणं माणूस तेच दार उघडील, असं तिला वाटलं. म्हणून सगळी गल्ली तीन दिवस ओढ्याच्या अंगाने शोधत फिरली. गाईचं एक शेपूटसुद्धा दिसलं नाही. भावजय दवाखान्यातून परतली तोवर शोध थांबलेला होता. पहिल्याच दिवशी ती आक्काच्या पायाशी येऊन बसली, "वन्सं, मी त्यांना सांगते..." आणि आक्काने तिच्या तोंडावर हात ठेवला. "एक शब्द नाही. आधी बाळ." त्या सुरीबद्दल, त्या दुपारबद्दल दोघींत पुन्हा एक अक्षर निघालं नाही.

एकदा फक्त आप्पा काठी टेकत गोठ्यात जाऊन आले होते. कापलेल्या दाव्यांची टोकं त्यांनी बोटांत धरून बराच वेळ पाहिली. मग ते खुर्चीत येऊन बसले, आणि तेही काही बोलले नाहीत.

नामंजुरीचा निरोप आला त्याच दुपारी शाळेच्या हॉलमध्ये फेरतपासणी होती. शेवटची संधी! भावाने सकाळभर धावपळ करून सगळं जुळवून आणलं. साक्षीला गिरणीवाली आणि शिंपी तयार झाले.

"तुला फक्त एक वाक्य बोलायचंय, आक्का," टँकरच्या केबिनमध्ये तो पुढे बघतच म्हणाला. "गाई तुझ्या नावावर आहेत, म्हणून तुलाच बोलावं लागणार. 'डोळ्यांदेखत बुडाल्या.' बस्स. मग नव्या गाई घेऊ, गोठा पुन्हा उभा करू. नाहीतर..." त्याने गिअर करकचून टाकला. "नाहीतर गोठ्याची जागा मी गोदामवाल्याला देऊन टाकणार. रिकाम्या गव्हाणी रोज बघायची ताकद नाही माझ्यात."

आक्काने मान खिडकीकडे वळवली. गोठा जाणार! पण त्याहून खोल कुठेतरी दुसरंच काही सलत होतं. तिने म्हातारीला मेलेलं पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. जे पाहिलं नाही ते पाहिलं कसं म्हणायचं?

हॉलमधले बाक पहिलीतल्या पोरांचे होते, त्यामुळे मोठमोठी माणसं गुडघे कानाशी घेऊन बसली होती. आप्पा आणि भावजय शिंप्याबरोबर आधीच आले होते, आप्पा एका खुर्चीत, ती शेजारच्या बाकावर. पुढे टेबलाशी जनावरांची तरुण डॉक्टरबाई, पायांत चिखलाने माखलेले गमबूट, पुढ्यात लॅपटॉप, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने आक्काला बसायला सांगितलं आणि आवाज जरा खाली आणला.

"आक्का, एक गोष्ट आधी समजावून सांगते. मेलेलं जनावर कानातल्या बिल्ल्यासकट सापडलं तर प्रश्नच नसतो. वाहून गेलेलं असेल तर मालकाला सांगावं लागतं, की मी स्वतः ते बुडताना पाहिलं. तेवढं सांगितलंत की मदत मंजूर. पण मग मी या सगळ्या बिल्ल्यांपुढे 'मृत' लिहिणार. शोध बंद. उद्या कुणी विचारलं तरी उत्तर एकच, अशी गाय नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर अर्ज इथेच संपला."

"आक्का..." मागून भावाचा दबलेला आवाज आला. "एकच वाक्य!"

"अगो बोल की बाई!" गिरणीवालीने बाकावरूनच धीर दिला. "आम्ही आहोत ना मागे! एवढा पूर... गाई काय विमानात बसून गेल्या?"

हॉलमध्ये हशा पिकला. आक्का हसली नाही. तिच्यापुढे दोन्ही वाटा काट्यांच्या होत्या. 'पाहिलं नाही' म्हणावं, तर लगेच प्रश्न येणार, सोडल्या तुम्ही आणि पाहिलं कसं नाही? मग भावजयीचं नाव निघणार! 'पाहिलं' म्हणावं, तर आपल्याच हाताने म्हातारीच्या कपाळावर 'मृत' लिहायचं... तिने डोळे मिटले. तिच्या मनापुढे भावाचं ते लहानपणचं रडवेलं तोंड आलं, भावजयीचं पोट आलं, रिकामा गोठा आला. ठीक आहे. एवढं केलं, तर हेही करू.

"मी..." तिने डोळे उघडले. "मी माझ्या डोळ्यांनी..."

"वन्सं, थांबा!"

सगळ्या माना वळल्या. भावजय उभी राहिली होती. एका हाताने बाकाला धरलेलं, दुसरा हात पोटावर. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज...! आक्काने तो आवाज तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"त्यांनी काही पाहिलं नाही. त्या आप्पांना घेऊन गच्चीवर होत्या. गाई मी सोडल्या! मी कापली दावी! मला त्या गाठीचं कुठलं टोक ओढायचं तेच कळत नव्हतं, पाणी चढत होतं, त्या हंबरत होत्या... मी स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि कापत सुटले!"

"अगं पोरी, खाली बस," आक्का कळवळून म्हणाली. "तुला बरं नाही..."

"मला बरं नाही ते गप्प बसून बसून! सकाळी हे तुम्हाला काय बोलले ते मी दाराआडून ऐकलं. ते माझ्या वाट्याचं होतं, वन्सं. तुम्ही माझ्या वाट्याचं किती दिवस खाणार?"

भाऊ दगडासारखा उभा होता.

आणि त्या गोंधळात डॉक्टरबाईने एकदम पेन खाली ठेवलं.

"एक मिनिट. तुम्ही सोडल्यात? कुठल्या दाराने?"

"पुढच्या."

"पुढच्या? नदीकडच्या?"

"मागच्या दाराचं लाकूड फुगलं होतं. कडी ओढून ओढून माझे तळवे सोलले, पण ते हललं नाही. मग पुढचं उघडलं..." ती रडू लागली. "मीच त्यांना नदीत घातलं! म्हणून तर मला बोलायचा धीर झाला नाही. शोधायला राहिलंच काय होतं?"

"पण तुम्ही त्यांना बुडताना पाहिलंत का?" डॉक्टरबाई उभी राहिली होती. "नीट आठवा. जे पाहिलंत तेवढंच सांगा."

भावजयीने डोळे पुसले.

"नाही... बुडताना नाही पाहिलं. म्हातारी पुढे होती. मान वर काढून पोहत होती. बाकीच्या तिच्यामागे, ओळीने. पाणी त्यांना खाली खेचत होतं, तिरप्या चालल्या होत्या, पण तोंडं सगळ्यांची समोरच होती... पलीकडच्या टेकडीकडे."

"टेकडीकडे!" आक्का किंचाळलीच. तिचा बाक मागे उलटला. "अहो डॉक्टरबाई, कालवडी असताना मी त्यांना पुलावरून त्याच टेकडीवर चरायला न्यायची! म्हातारी तिथेच वाढली! ती वाट ती विसरणार नाही, मेली तरी विसरणार नाही!"

डॉक्टरबाईने कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी तीन आठवडे ओढ्याकाठच्या गावांना फोन करतेय! कारण तुम्ही सांगितलंत मागचं दार! पलीकडच्या काठाला मी एकदाही विचारलं नाही. पूल तुटलेला, तिकडचं ऑफिस वेगळं, त्यांच्या सापडलेल्या जनावरांच्या नोंदी आमच्याकडे येतच नाहीत..." बोलता बोलता तिची बोटं फोनवर धावत होती. "हॅलो? हं, मीच. तुमच्या टेकडीवरच्या छावणीत बेवारस गाई आहेत का? दुभत्या, पिवळ्या बिल्ल्यांच्या... हो हो, थांबते!"

थांबली. सगळा हॉल थांबला. शिंप्याने तोंडातली सुपारी चावायची थांबवली. आक्काला आपल्याच कानांत रक्ताचे ठोके ऐकू येत होते... टण, टण-टण!

"एकीचं शिंग मोडलेलं आहे?" डॉक्टरबाईने फोनवर विचारलं, आणि मग तिचा थकलेला चेहरा असा काही फुलला, की उत्तर तिने सांगायची गरजच उरली नाही.

"शिंगतुटी!" आक्काच्या तोंडून हुंदकाच फुटला. "माझी शिंगतुटी...!"

एकच कल्लोळ उडाला! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी बाकावर चढलं. त्या गलक्यात भाऊ आप्पांच्या खुर्चीपाशी जाऊन कोसळल्यासारखा बसला. "आप्पा, तुम्ही ऐकलंत? आक्काने नव्हत्या सोडल्या. आणि मी तिला..."

"मला माहीत होतं," आप्पा हळूच म्हणाले.

"काय?"

"दावी कापलेली होती. माझी गाठ ज्याला येते तो दावं कापत नाही, ओढतो. आक्का असती तर सगळी दावी अख्खी राहिली असती." त्यांनी मान खाली घातली. "वाटलं, पोरीने विचार करून पत्करलंय, आपण कशाला उघडं पाडायचं..."

"धन्य आहे बाई या घराची!" गिरणीवालीने दोन्ही हात हवेत उडवले. "एकमेकांना सांभाळायला सगळे गप्प बसले, आणि गाई बसल्या टेकडीवर!"

या वेळी आक्कासुद्धा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण त्या हसण्याच्या आत काहीतरी टोचलं. खरंच होतं ते! ज्याला ती इतके दिवस आपलं मोठं मन समजत होती, त्यानेच गाईंचा माग चुकवला होता. तिने कधी भावजयीला साधं विचारलंसुद्धा नव्हतं, की बाई गं, दार कुठलं उघडलंस?

अर्ज तिथेच मागे घेतला. डॉक्टरबाईने साक्षीचे कागद बाजूला सारले आणि म्हणाली, "हा निकाल मला आवडला. आता पळा!"

टँकर पळाला! केबिनमध्ये भाऊ, भावजय, आक्का आणि हट्टाने चढलेले आप्पा, एकमेकांच्या अंगावर कोंबलेले. आक्काच्या मांडीवर कॅनचं झाकण आणि माप. वरच्या अंगाचा दूरचा पूल गाठून, वळसा घालून पलीकडे जायचं होतं. एका वळणावर भावाने नुसताच डावा हात स्टिअरिंगवरून काढून आक्काच्या हातावर ठेवला, आणि पुढचं वळण येईपर्यंत तसाच ठेवला.

टेकडीच्या पायथ्याशी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वरती दोरखंडांनी अडवलेलं मोकळं रान, त्यात ठिकठिकाणची जनावरं मिसळलेली. छावणीचा राखणदार काठी घेऊन पुढे आला.

"बिल्ले बघून घेऊन जा. पण एवढ्यांतून काढणार कशा? अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाहीत त्या."

आक्काने उत्तर दिलं नाही. ती दोरखंडाखालून वाकून आत गेली. माप तिच्या हातून दोनदा निसटलं. मग तिने झाकण उंच धरलं.

टण... टण-टण!

काहीच झालं नाही. दोनचार परक्या म्हशींनी कान हलवले. वाऱ्याने गवत लवलं आणि पुन्हा उभं राहिलं. विसरल्या? इतक्या दिवसांत दुसऱ्या हातांनी धार काढून घेतली, दुसऱ्या आवाजांना ओळखू लागल्या... भावजयीने मागे तोंडात पदराचा बोळा कोंबला.

टण! टण-टण!

आणि टेकडीच्या पलीकडच्या उतारावरून एक मोडकं शिंग वर आलं!

"शिंगतुटे!" भाऊ लहान पोरासारखा ओरडला. तिच्यामागे हट्टी, तिच्यामागे बाकीच्या, एकेक करून कडेवर उगवत होत्या, आणि मग त्या चालत नव्हत्या, धावत होत्या! जड पोटं हेलकावत, हंबरत, धूळ उडवत त्या आक्काच्या दिशेने सुटल्या होत्या, आणि ती हात पसरून त्यांच्या वाटेत उभी होती, रडत होती, हसत होती, एकेकीला हाक मारत होती...

पण तिच्यापाशी येऊन त्या ओळीत लागल्या, तेव्हा शिंगतुटी चार पावलं मागेच थांबली. आपल्या नेहमीच्या जागी. तिच्यापुढची जागा रिकामी होती. ती ओलांडून कुणी पुढे आलं नाही.

आक्काच्या हातातलं माप खाली पडलं.

"पुढे एक म्हातारी होती तुमची," राखणदार मागून म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ झाला होता. "मी काठावरच होतो त्या दिवशी. पहिली तीच लागली जमिनीला. पण वर चढेना. गुडघाभर पाण्यात उभी राहून मागे बघत हंबरत होती, बाकीच्या चढेपर्यंत. शेवटची वर आली, तशी ती बसली. पुन्हा उठली नाही." त्याने खिशातून पिवळा बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला.

आक्काने मूठ मिटली. मग तिच्या खांद्यावर भावाचं डोकं टेकलं. तो हमसून हमसून रडत होता.

"आक्का, मी सकाळी तुला काय बोललो... बांधून ठेवल्या असत्यास तर, म्हणालो! कुठल्या तोंडाने..."

"अर्धंच बोललास," ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "उरलेलं अर्धं तू बोलला नाहीस आणि मी ऐकलं नाही."

"तू मला खरं का नाही सांगितलंस?"

"चुकलं माझं. तू मोठा झालायस हे मला कधी दिसलंच नाही रे." तिने भावजयीला जवळ ओढलं. "आणि ही! हिने त्या दुपारी कापलं नसतं, तर आज आपल्याकडे सगळ्यांच्या सगळ्यांची मदत जमा झाली असती. कळलं का तुला? ही सगळी हिची कमाई आहे. मी उगाच तीन आठवडे मिरवली."

भावाने बायकोचे सोललेले तळवे आपल्या हातांत घेतले. दवाखान्यात रोज पाहिले होते ते त्याने. ते कशाने सोलले, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

राखणदाराची साक्ष होती, बिल्ला होता. म्हातारीची रीतसर नोंद झाली आणि काही दिवसांनी आक्काचा फोन वाजला. टिंग. या वेळी घरात कुणी 'आली, आली' म्हणून ओरडलं नाही. एका गाईची मदत जमा झाली होती.

"काय करायचं हिचं?" भावाने विचारलं.

"दावी आणायची," आक्का म्हणाली. "जुनी सगळी तोकडी झालीयेत."

नवी दावी आली, पिवळीधमक, सुताचा वास असलेली. भावजयीचे महिने भरत आले होते. तिला खाली वाकता येईना, म्हणून आक्का तिच्यासाठी स्टूल घेऊन आली. शिंगतुटी रवंथ करत, अत्यंत संयमाने, एक पीळ चुकलेला, पुन्हा सोडलेला, पुन्हा बांधलेला सहन करत उभी होती. आप्पा काठी टेकत येऊन खांबाशी थांबले.

"झालं!" भावजय धापा टाकत म्हणाली. "बघा आप्पा."

आप्पांनी गाठ चाचपली. एकदा इकडून हिसका दिला, एकदा तिकडून. सुटली नाही. मग त्यांनी सुनेकडे पाहून मान डोलावली. तिने मोकळं टोक दोन बोटांत धरलं आणि ओढलं... आणि दावं सळकन ओघळून तिच्या पायाशी पडलं!

शिंगतुटी मोकळी झाली होती. ती दोन पावलं पुढे आली, गव्हाणीच्या पहिल्या जागेपर्यंत, जी इतके दिवस रिकामीच राहिली होती. तिथे हुंगून क्षणभर थांबली, मागे वळून बघितलं, आणि मग हळूच त्या जागेवर उभी राहिली.

"वन्सं," भावजय डोळे पुसत म्हणाली, "आता पुन्हा पाणी आलं तर सुरी लागणार नाही."

"सुरी राहू दे गं," आक्का शिंगतुटीच्या गळ्यात हात टाकून म्हणाली. "दार कुठलं उघडलंस ते तेवढं मला सांग."